हुकलेल्यांचा पिंजरा

शालनकाकू : तो डबा आत आणायचा नाही हं, वीणा. आधी त्यात काय आहे ते सांग, मग चप्पल काढ.

वीणा : काचा आहेत हो काकू. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेच्या पट्ट्या. तुमची शपथ.

शालनकाकू : माझी शपथ घेऊ नकोस. गेल्या वेळीपण "काही नाही काकू" म्हणालीस आणि पिशवीतनं कुरतडल्याचा आवाज येत होता.

वीणा : एकच तर होता. आणि पिंजऱ्यात होता.

शालनकाकू : एक काय नि शंभर काय, इली ती इली. तुमच्यात उंदीर म्हणतात, आमच्या कामवालीच्या भाषेत इली, शेपूट तेवढीच. तिकडं सुरतेत प्लेग आला म्हणून इकडं बेंगळुरात, मल्लेश्वरमात लोक नाकाला रुमाल बांधून दूध आणायला जातात. मेडिकलवाल्यानं टेट्रासायक्लिन संपली म्हणून पाटी लावलीय. आणि रविवारी सकाळी आमच्या दारात कोण? उंदरांची डॉक्टरीण!

वीणा : डॉक्टरीण अजून व्हायचीये, काकू. त्याचंच तर भांडण घेऊन आलेय. सर आले का धारवाडहून?

शालनकाकू : पहाटेच्या गाडीनं आले. आंघोळ झाली, दुसरी कॉफी चाललीय. अहो, तुमची नागपूरची विद्यार्थिनी आलीय!

सर : ऐकू आलं की. अर्ध्या गल्लीला ऐकू आलं असंल. ये गं वीणा, बस. काय, दसऱ्याचं सोनं द्यायला आलीस काय?

वीणा : हे घ्या ना सर. आपट्याचं आहे, हॉस्टेलच्या मागच्या झाडाचं. नमस्कार करते.

सर : मोठी हो. हे आमचं बन्नीचं, म्हणजे शमीचं पान घे. बेळगावाकडं आम्ही हे देतो. "बंगारासारखं राहू" म्हणायचं. बंगार म्हणजे सोनंच.

वीणा : सर, तुम्ही त्यांना मारायच्या कागदावर सही कशी काय केली?

शालनकाकू : अय्यो! सणासुदीचं कुणाला मारायलेत?

सर : माणसांना नाही गं. ते काटेरी उंदीर. वीणानं आणि आमच्या लॅबचे पिंजरे सांभाळणाऱ्या मल्लाप्पानं चित्रदुर्गाकडच्या खडकाळ माळावरनं धरून आणलेले. प्लेगच्या बातम्या आल्यापासून संस्थेच्या डायरेक्टरांना रानातला उंदीर म्हटलं की घाम फुटतो. त्यांनी विचारलं, ह्या उंदरांचं महत्त्वाचं काही काम चाललंय काय? मी म्हणालो, नाही. चालत नव्हतं, म्हणून नाही म्हणालो. उद्या सकाळी मल्लाप्पा सगळे पिंजरे रिकामे करणार.

वीणा : चालत नव्हतं?

सर : वीणा, तू मेहनत केलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण किती महिने आपण तेच करायलोय? नाकातनं विष घालायचं आणि प्राणी मजेत शेंगदाणे खात बसलेला बघायचा. औषध ह्यांच्या फुप्फुसात जातच नाही. शिंकून टाकत असतील, नाकाची नळी वाकडी असंल, काय की. मी वार्षिक अहवालात तसंच लिहिलंय. ही जात ह्या कामाला निरुपयोगी. तू पांढरे उंदीर घे, वर्षभरात प्रबंध संपव, नागपूरला जा, आईवडलांना आनंद होऊ दे.

वीणा : नाही जात मी.

सर : बघ, हे नागपूरचं पाणी.

शालनकाकू : विष कसलं घालता हो नाकात? पाप लागंल.

वीणा : उंदीर मारायचं विष नाही, काकू. जंतू असतात ना, त्यांच्या अंगावरच्या सालीतच एक विष असतं. जंतू मेला तरी ते राहतं. ते श्वासातून आत गेलं की फुप्फुसाला सूज येते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, दम लागतो, ताप येतो, जास्त झालं तर जीव जातो. हॉस्पिटलात कितीतरी माणसं अशी जातात. जंतू औषधानं मरतो आणि माणूस सुजेनं. म्हणून आम्ही ती सूज उंदरात बघतो.

सर : आणि ह्यांच्यात ती सूजच येत नाही.

वीणा : असं तुम्ही म्हणता.

सर : असं उंदीर म्हणतात. मी फक्त लिहून घेतो.

वीणा : सर, आपल्या लॅबचा नियम काय आहे? काकूंना सांगा ना.

सर : कुठला?

वीणा : पिंजऱ्यांमागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला.

सर : तो होय. विष दिल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्राणी आजारी दिसला नाही, तर डोस हुकला असं समजायचं. त्याला हुकलेल्यांच्या पिंजऱ्यात टाकायचं, तिथनं परत कळपात. जो आजारी पडला त्याचंच फुप्फुस तपासायचं. नियम माझा नाही, माझ्या गुरुजींचा आहे. पांढऱ्या उंदरात तो आजवर एकदाही चुकलेला नाही. थेंब नाकात न जाता पोटात गेला, की तो उंदीर आकडेवारी बिघडवतो. मग त्याला बाजूला काढायचंच.

वीणा : बरोबर. आणि काटेरी उंदीर सगळेच्या सगळे बाजूला निघाले. एकाचंही फुप्फुस कोणी उघडून बघितलं नाही. मीपण नाही. काहून बघू? तो तर हुकलेला!

शालनकाकू : कॉफी घे आधी. आणि ते डोळे मोठे करून बोलू नकोस, घशात जाईल.

वीणा : काकू, तुमच्या कॉफीसाठी मी बेंगळुरात जन्मभर राहीन. तर ऐका ना सर. तुम्ही धारवाडला गेलात, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचा डोस दिला. काट्यांना पण आणि पांढऱ्यांना पण. एकाच बाटलीतला, एकाच पिचकारीनं. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. मी गेले तर मल्लाप्पानं सगळं सजवून ठेवलेलं. तराजूला झेंडू, पिचकाऱ्यांना कुंकू, पिंजऱ्यांना हळदीची बोटं, दारात कोहळा फोडलेला. मला म्हणतो, अक्का, आज कशाला हात लावायचा नाही.

सर : बरोबरच आहे की. एक दिवस आयुधाला विश्रांती.

वीणा : मग मी काचेच्या दारातूनच बघितलं. पांढरे उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन पडलेले, पोटाचा भाता नुसता. काटे आपले खेळून राहिले होते. मी म्हटलं, झालं, परत हुकले. पण हात लावायचा नाही म्हणून ते कळपात परत गेलेच नाहीत. दसऱ्याला सुट्टी. तसेच डोसाच्याच पिंजऱ्यात राहिले. काल मी गेले तर मल्लाप्पाच्या हातात डायरेक्टर साहेबांचा कागद. तो बिचारा म्हणतो, उद्या-परवा सगळेच जायचेत, तर आज ह्या हुकलेल्यांपासून सुरुवात करतो.

सर : आणि केली.

वीणा : केली. मी अडवू शकले नाही. मला एवढा राग आला होता ना सर, तुमचा पण, की म्हटलं, जातच आहेत तर निदान आत काय होतं ते तर बघू. फुप्फुस मिठाच्या पाण्यानं धुतलं, सोबत पांढऱ्यांचं पण, ते पाणी काचेवर पसरून रंगवलं. त्याच ह्या पट्ट्या.

सर : काय दिसलं?

वीणा : मी नाही सांगणार. तुम्ही बघा. नावांवर चिकटपट्टी लावलीये, म्हणजे कुठली कोणाची ते तुम्हाला कळणार नाही.

सर : उद्या लॅबमध्ये बघू.

वीणा : उद्या सकाळी बघायला कोणी उरणार नाही, सर. तुमचा पितळी सूक्ष्मदर्शक आहे ना घरात? चिकपेटच्या रविवारच्या बाजारातून आणलेला?

शालनकाकू : तो पूजेत आहे. कुणी हलवायचा नाही.

वीणा : पण काकू, दसरा होऊन गेला ना.

शालनकाकू : दसरा गेला, पण हे कुठं होते? आमच्या घरची रीत आहे बाई. ज्याचं आयुध त्यानं उचलायचं. माझी सुरी, विळी, शिलाईमशीन मी उचलली. ह्यांचं ते यंत्र आणि खालची स्कूटर तशीच. स्कूटरच्या चाकाखाली लिंबंपण तशीच आहेत, सुकत आलीत.

वीणा : मग सर, उचला ना!

शालनकाकू : नुसतं उचलायचं नाही. अक्षता टाका, स्वल्प उत्तरेला सरकवा, मग काय बघायचं ते बघा. आणि एक सांगते अहो. दसऱ्यानंतर आयुधानं पहिलं जे काम केलं, तेच वर्षभर त्याच्या हातनं होतं असं माझी सासू म्हणायची. तेव्हा पहिलंच बघणं खोटं बघू नका.

सर : तुझ्या सासूबाई म्हणजे माझी आई. तिनं हे मला कधी सांगितलं नाही.

शालनकाकू : तुम्ही कधी देवासमोर थांबलात ऐकायला?

वीणा : आणि सर, सीमोल्लंघन पण राहिलंय तुमचं.

सर : दोघी मिळून धरलंय म्हणायचं मला. आण त्या अक्षता. खिडकीचा पडदा सरकव वीणा, ह्याला दिवा नाही, उजेड आरशातनं घ्यावा लागतो. अरे, भिंगावरपण कुंकू लावलंयस काय गं?

शालनकाकू : यंत्राचा डोळा तोच ना. डोळ्याला नको लावू तर काय पायाला लावू?

(सर पदराच्या टोकाने भिंग पुसून घेतात, पदर शालनकाकूंचाच आहे, आणि त्या तो सोडवून घेत नाहीत.)

सर : हं. दे पहिली. स्वच्छ आहे. सफाई कामगार पेशी इथं तिथं, बाकी काही नाही. ह्याला विष मिळालेलंच नाही. नुसतं मिठाचं पाणी दिलेला प्राणी हा.

वीणा : पुढची.

सर : हा तर भरलेला आहे. पांढऱ्या पेशींची जत्रा नुसती. विषाचा. पांढरा उंदीर. डोस पुरा गेलाय. ह्याला दम लागला असणार.

वीणा : आणि ही?

सर : हाही तसाच. थोडा जास्तच म्हण. हाही पांढरा, ह्याच्याच पिंजऱ्यातला. जगला नसता हा. मल्लाप्पानं उलट सोडवलाच त्याला. झालं? ह्यात नवीन काय आहे, वीणा? पांढऱ्या उंदराला सूज येते हे मला ठाऊक आहे.

वीणा : ह्या शेवटच्या काचेवरची चिकटपट्टी तुम्हीच काढा, सर.

सर : काय लिहिलंयस हे?

वीणा : वाचा ना.

सर : काटेरी. हुकलेला.

वीणा : काल सकाळी माझ्या हातून शेंगदाणा घेऊन गेला तो. पळत. मान ताठ, श्वास संथ. मी स्वतः बघितलाय. आणि त्याच्या आत हे होतं.

सर : परत दाखव.

शालनकाकू : काय झालं? तुमचा चेहरा असा का झाला?

सर : थांब गं. वीणा, पिंजऱ्यात घाण असंल. भुशातली धूळ. रानातनं येताना आणलेला जुना आजार.

वीणा : पहिली पट्टी कोणाची होती?

सर : कोणाची?

वीणा : काटेरीचीच. तोच भुसा, तेच रान. फक्त विषाऐवजी मिठाचं पाणी. तुम्ही म्हणालात स्वच्छ आहे.

सर : मग अदलाबदल झाली असंल. मल्लाप्पाच्या हातनं एखादा पांढरा तिकडं गेला असंल.

वीणा : काटेरीची आणि पांढऱ्याची अदलाबदल? सर, एकाला उचललं की बोटाला टोचतं! पाठीवर झाडूच्या काड्या आहेत त्याच्या.

सर : बाकीच्यांचं बघितलंस? त्या पिंजऱ्यातल्या?

वीणा : सगळ्यांचं. सगळ्या पट्ट्या ह्या डब्यात आहेत. सगळे भरलेले. डोस एकाचाही हुकला नव्हता, सर. पहिल्यापासून कधीच हुकला नव्हता. विष आत जात होतं, पेशी धावून येत होत्या, सूज येत होती. फक्त ते उंदीर आजारी पडत नव्हते. आणि आपण त्यांना म्हणत होतो, तुमचं काही मोजायचं नाही.

सर : सूज येते. पण सोसतात.

वीणा : हो ना! हेच सांगून राहिले ना मी केव्हाची!

सर : केव्हाची नाही, अर्ध्या तासापास्नं. ओरडू नकोस.

शालनकाकू : मला कळंल असं बोला कुणीतरी. आग लागली, पण घर जळलं नाही, असंच ना?

सर : असंच. आणि त्याहून पुढचं म्हणजे, घरातली माणसं चूल पेटवून जेवायला बसलीत. सूज येणं आणि सुजेनं मरणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्ही तोंडानं म्हणायचो. पण वेगळ्या करून दाखवणारा प्राणी आमच्याकडं नव्हता.

वीणा : होता. भिंतीवर खडूनं "हुकलेले" लिहिलेल्या पिंजऱ्यात.

सर : टोच. टोच अजून. तुझ्याही पाठीवर काटे आहेत.

शालनकाकू : म्हणजे वरनं धडधाकट दिसत होते म्हणून आत बघितलंच नाही तुम्ही.

सर : होय.

शालनकाकू : आमच्या संताजीदादासारखं.

वीणा : संताजीदादा कोण, काकू?

शालनकाकू : माझा थोरला भाऊ. गावाकडं सूतगिरणीत होता, कापूस पिंजायच्या खात्यात. तिथं धूर असावा तशी कापसाची धूळ. सोमवार आला की दादाला दम लागायचा. रविवारची सुट्टी संपवून कामावर गेला की संध्याकाळपर्यंत छाती आवळून यायची, ताप यायचा. मंगळवारी स्वल्प कमी. बुधवारी अजून कमी. मुकादम म्हणायचा, रविवारची जास्त झाली दिसते. दादा माळकरी माणूस, थेंब शिवला नाही कधी.

वीणा : आणि डॉक्टर?

शालनकाकू : गिरणीचे डॉक्टर गुरुवारी यायचे. दर गुरुवारी. गुरुवारी दादा ठीक असायचा. पाठ थोपटून म्हणायचे, काही नाही तुला, जा कामावर. असं किती वर्षं चाललं. नंतर नंतर गुरुवारीपण दम लागायला लागला, तेव्हा म्हणाले, आता उशीर झाला. आमच्या लग्नात दादानं मला उचलून मांडवात आणलं होतं. शेवटी शेवटी त्याला पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता.

वीणा : काकू...

सर : वीणा, तुला एक सांगायचं राहिलंय माझं. त्या कापसाच्या धुळीत काय असतं, ठाऊक आहे? हेच. जंतूंच्या सालीतलं विष. कापसाच्या बोंडावर जंतू असतात, ते मरतात, विष धुळीत राहतं. संताजीदादा गेले त्या वर्षी मी हा विषय घेतला.

शालनकाकू : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

सर : काय बोलायचं? हाताला काही लागलं असतं तर बोललो असतो.

शालनकाकू : मग मंगळवारी दादाला बरं वाटायचं, म्हणजे तोपण ह्या उंदरांसारखा सोसायचा?

सर : नाही. तसं वाटतं, पण नाही. माणसाला रोज रोज विष मिळालं की शरीर आठवड्यापुरतं बधिर होतं. पांढरा उंदीरपण होतो. वरनं बरं वाटतं आणि आत फुप्फुस खराब होत राहतं. ह्या काटेरींनी पहिल्याच डोसाला दाद दिली नाही. त्यांनी सवय लावून घेतलेली नाही, त्यांची घडणच तशी आहे. आत नुकसान होतं का, झालं तर ते भरून कसं काढतात, हे बघावं लागंल.

शालनकाकू : आणि ते कळलं तर दादासारख्यांना औषध मिळंल?

सर : आज नाही. माझ्या हयातीत मिळंल असंही सांगत नाही, खोटं कशाला बोलू? पण उद्या हे उंदीर मेले, तर इथनं तरी काही मिळायचं नाही एवढं नक्की.

वीणा : आणि दुसरे आणू म्हणाल, तर ते पण नाही जमणार. मल्लाप्पाचा मेहुणा तिकडूनच आला काल. प्लेगच्या भीतीनं गावकऱ्यांनी माळावरची बिळं धूर घालून बुजवून टाकलीयेत. आहेत ते एवढेच.

सर : हं.

वीणा : सर, फोन करा ना डायरेक्टर साहेबांना.

सर : तुला काय वाटतं, मी काय विचार करत बसलोय? त्यांनी आदेश काढला तो माझ्या अहवालावर. अहवाल छापून दिल्लीला गेलाय. मी म्हणणार काय? साहेब, ज्या उंदरांना मी निरुपयोगी म्हणालो, तेच आपल्या संस्थेतले सगळ्यात कामाचे निघाले?

वीणा : हो. असंच म्हणायचं. अगदी हेच वाक्य.

सर : लोक हसतील.

वीणा : हसू द्या. दोन दिवस हसतील, मग येऊन विचारतील, सर एक जोडी मिळेल का? मी लिहून देते तुम्हाला. आणि तुम्ही नाही केला फोन तर मी करीन.

सर : तुझा फोन ते घेणार नाहीत.

वीणा : मग त्यांच्या घरी जाईन. सदाशिवनगरला बस जाते. बंगल्याच्या फाटकाशी बसेन डबा घेऊन.

सर : करशीलही.

शालनकाकू : करंल ती. आणि मी तिला डबा बांधून देईन.

सर : तू तर म्हणालीस, इली ती इली.

शालनकाकू : म्हणाले. घरात नकोत म्हणाले. मारून टाका असं कुठं म्हणाले? आणि तुम्ही, लोक हसतील म्हणून थांबलात काय ओ? त्या गुरुवारच्या डॉक्टरला कुणी हसलं असतं तर माझा दादा वाचला असता.

सर : फोन आण इकडं. वायर अडकलीय बघ टेबलाला. दोघी गप्प बसा. वीणा, तू विशेषतः.

वीणा : बसले.

सर : हॅलो, नमस्कार साहेब. दसऱ्याच्या शुभेच्छा. होय, आजच परतलो. साहेब, उद्याचे ते पिंजरे. नाही, अडचण मल्लाप्पाची नाही, माझी आहे. अहवालात मी चुकीचं लिहिलंय. होय, मीच. डोस पोचत नाही म्हणालो होतो, डोस पोचतो. मी आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितलंय, नावं झाकून बघितलंय आणि आपल्या तोंडानं फसलोय. सूज पुरी येते आणि प्राणी उभा राहतो. नाही साहेब, मला असं काही ह्याआधी बघायला मिळालेलं नाही. चूक कुणी काढली? माझ्या विद्यार्थिनीनं. वीणा. तीच, भांडणारी. प्लेगचं म्हणाल तर पकडल्याबरोबर पिसवा औषधानं काढल्यात, रक्त तपासायला दिलंय, बुधवारी उत्तर येतंय. उत्तर वाईट आलं तर मी स्वतः मल्लाप्पाशेजारी उभा राहतो. चांगलं आलं तर? लेखी हवं? आज संध्याकाळी तुमच्या घरी आणून देतो. सही माझीच असंल. ठेवतो, साहेब.

वीणा : काय म्हणाले? सर! काय म्हणाले?

सर : बुधवारपर्यंत हात लावायचा नाही. रक्त स्वच्छ आलं तर राहतील. वेगळी खोली देतो म्हणालेत.

वीणा : रक्त स्वच्छच येणार! लावा पैज. अहो त्यांच्या त्या माळावर दगड आणि पाली सोडून कोणी राहतच नाही, प्लेग आणणार कोण? सर, मी आता नाचले तर काकू रागावतील?

शालनकाकू : नाच, पण डबा खाली ठेवून.

सर : नाचायला वेळ नाही. मल्लाप्पा उद्या उजाडायच्या आत कामाला लागतो. त्याच्याकडं फोन नाही. यशवंतपूरला जाऊन सांगावं लागंल, नाहीतर आपण इथं पैजा लावत बसू आणि तो तिकडं पिंजरे धुऊन मोकळा. स्कूटरची किल्ली कुठाय?

शालनकाकू : देवापुढं. आणि लिंबं काढायची नाहीत चाकाखालनं. त्यांच्यावरनंच जायचं, तीच रीत आहे.

सर : माहीत आहे गं. एवढं तरी माहीत आहे. चल वीणा, मागं बस. आणि जाताना लॅबवरनं जाऊ. आधी भिंतीवरचा तो खडू पुसायचाय मला.

वीणा : मी पुसते ना सर.

सर : नको. तो मी पुसतो.

शालनकाकू : वीणा, हे धर. कच्चे शेंगदाणे आहेत, मीठ लावलेलं नाही.

वीणा : उंदरांना, काकू?

शालनकाकू : मग काय सरांना? आणि ऐक. उद्या कोणता वार?

वीणा : सोमवार.

शालनकाकू : नीट बघा त्यांच्याकडं. आमच्या दादाला सोमवारी बघायला कुणी आलंच नाही.